सासू-सासऱ्यांना घेऊन अंदमान : आराखडा तपासून हवा आहे

मधुमालती

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी आम्ही पाच जण अंदमानला जायचं ठरवतोय. मी, नवरा, सहावीतली लेक आणि साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा). साबु ७५ वर्षांचे. काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, मधुमेह आहे, पण रोज सकाळी चालतात आणि एरवी तब्येत खणखणीत. साबा ७१. दोन्ही गुडघे दुखतात, ऑपरेशन नको म्हणतात. सपाटीवर पंधरा-वीस मिनिटं आरामात चालतात, जिना चढताना कठडा लागतो आणि उतरताना जास्त त्रास होतो.

सेल्युलर जेल बघायचं हे साबुंच्या मनात फार वर्षांपासून आहे. दरवेळी काही ना काही आडवं आलं. साबांना विचारलं तर "माझं काय, तुम्ही न्याल तिकडे येईन" एवढंच म्हणतात.

एका एजंटने दिलेला आराखडा असा: पहिल्या दिवशी विमानतळावरून थेट कॉर्बिन्स कोव्ह, मग सेल्युलर जेल, संध्याकाळी तिथलाच ध्वनिप्रकाश कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी बाराटांग. तिसऱ्या दिवशी रॉस आणि नॉर्थ बे. चौथ्या दिवशी बोटीने हॅवलॉक बेट आणि लगेच तिथला राधानगर किनारा. पाचव्या दिवशी सकाळी एलिफंट बीच, दुपारी बोटीने नील. सहाव्या दिवशी नील बघून संध्याकाळी पोर्ट ब्लेअर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचं विमान.

नवऱ्याचं म्हणणं, एवढ्या लांब जातोय तर सगळं बघून येऊ. मला मात्र हे नुसतं वाचूनच धाप लागली. यातलं काय गाळावं? बोट लागण्यावर काय उपाय? आणि विमानतळावर व्हीलचेअर घ्यावी का? साबांना तो शब्दही आवडत नाही. ज्येनांना (ज्येष्ठ नागरिकांना) घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.


तांबट

बाराटांग पहिल्या झटक्यात काढून टाका. चुनखडीच्या गुहा कशा आहेत हा प्रश्नच नाही, तिथपर्यंत पोचायचं कसं ते बघा. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो, त्यामुळे जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात. पहिला ताफा सकाळी सहाच्या सुमाराला. तो गाठायचा तर पोर्ट ब्लेअरहून पहाटे तीन-साडेतीनला निघायचं. वाटेत थांबायला मनाई आहे, म्हणजे लघवीला लागलं तरी गाडी थांबत नाही. पुढे गाडीसकट फेरीबोटीने खाडी पार करायची, मग छोट्या बोटीने खारफुटीतून, मग उन्हात दीडेक किलोमीटर चाल. आणि हे सगळं पुन्हा उलट. गुडघेदुखी आणि मधुमेह असलेल्या माणसांनी हे का करावं?

एलिफंट बीचही नको. तिथे एकतर जंगलातून चालत जावं लागतं, नाहीतर छोट्या स्पीडबोटीने. ती बोट आपटत जाते, पाठीचे मणके मोजून घ्या.


रानपाखरू

बाराटांगला एवढं झोडपू नका. खारफुटीच्या बोगद्यातून बोट जाते तो प्रवास माझ्या मते अख्ख्या अंदमानातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. ज्येनांना हॉटेलवर आराम करू द्या आणि तुम्ही तिघं जाऊन या की. लेक सहावीत आहे, तिला मड व्होल्कॅनो, जंगल हे सगळं आवडेल.


तांबट

सुंदर आहेच, तुमच्या म्हणण्याला माझा विरोध नाही. पण पहाटे तीनला निघालेली माणसं दुपार उलटल्यावर परत येणार. वाटेत मोबाईलला रेंज नाही. अँजिओप्लास्टी झालेले ७५ वर्षांचे गृहस्थ तोवर अनोळखी गावात. मी नसतो गेलो. तिघांनी बाराटांगसाठी पुन्हा कधीतरी जावं, अंदमान कुठे पळून जात नाही.


देवगिरी

अवांतर वाटेल, पण बेटच हवं असेल तर विमानं आणि बोटी न बदलता जाता येतील अशीही बेटं आहेत. दीव हे बेट आहे आणि पूल ओलांडून थेट गाडीने जाता येतं. १५३५ मध्ये पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला किल्ला, नागवा बीच, नायडा गुहा, आणि रस्ते बरेचसे सपाट. रामेश्वरसुद्धा पांबन बेटावरच आहे, रेल्वे आणि रस्ता दोन्ही पुलांवरून जातात. आमच्या घरच्या ज्येनांना तर समुद्र आणि देवदर्शन एकाच ठिकाणी झाल्याने फार समाधान वाटलं.


मधुमालती

देवगिरी, दीवची कल्पना पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवली. या वेळी साबुंचं सेल्युलर जेल आहे, त्यामुळे अंदमान नक्की. लक्षद्वीपचाही विचार झाला होता.


गारवा

लक्षद्वीप गुडघेदुखीवाल्यांसाठी खरंच अवघड आहे. भारतीयांनाही आधी परवाना काढावा लागतो. जहाजाने गेलं तर बऱ्याच ठिकाणी जहाज खोल पाण्यात थांबतं आणि हलत्या जहाजातून हलत्या छोट्या बोटीत उतरावं लागतं. खलाशी हात धरतात, पण त्या क्षणी गुडघ्यावर अख्खा भार येतो. अंदमान त्यापेक्षा कितीतरी सोपं.

आता अंदमानच्या बोटींबद्दल. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी वेगवान बोटीला साधारण दीड तास लागतो, सरकारी बोटीला त्याहून जास्त. खासगी बोटी बहुतेक बंदिस्त, वातानुकूलित, विमानासारख्या खुर्च्यांच्या. आत स्वच्छतागृह असतं. तासभर आधी धक्क्यावर हजर राहावं लागतं, सामान तपासतात, ओळखपत्र बघतात. हा सगळा वेळ ज्येनांना बसायला जागा धरून द्या. रांगेत एकानेच उभं राहायचं.

बोटीत चढायची फळी भरती-ओहोटीप्रमाणे कमी-जास्त उतरती होते. फळीवर चढ असेल तर तुम्ही मागे, उतार असेल तर तुम्ही पुढे, म्हणजे तोल गेलाच तर खालच्या बाजूला कुणीतरी असतं. साबांच्या हातात पर्ससुद्धा ठेवू नका, दोन्ही हात मोकळे हवेत. आणि बोट धक्क्याला लागल्यावर सगळे एकदम उठून दाराशी गर्दी करतात. तुम्ही बसून राहा, गर्दी ओसरली की उठा. बोट तुम्हाला तसंच घेऊन परत जात नाही.

जागा मधल्या भागात, खालच्या मजल्यावर मागा. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर हेलकावे जास्त जाणवतात.

आणखी एक, तिकिटं काढताना गोंधळ होतो म्हणून सांगते. हॅवलॉक, नील आणि रॉसची नावं डिसेंबर २०१८ मध्ये बदलली: स्वराज द्वीप, शहीद द्वीप आणि नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. बोलण्यात सगळे जुनीच नावं घेतात, पण कागदोपत्री नवी दिसतात. साबुंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर धक्क्यावर पाटी वाचून आपण भलत्याच बोटीत चढतोय असं वाटेल.


मात्रा

मी डॉक्टर आहे, म्हणून फक्त तेवढ्यापुरतं लिहिते. शेवटचा शब्द तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा.

सगळ्यात आधी, निघायच्या महिनाभर आधी साबुंना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे नेऊन आणा. आदल्या आठवड्यात नको, तपासण्यांत काही निघालं तर हाताशी वेळ हवा. चालू औषधांची चिठ्ठी आणि जुना डिस्चार्ज कागद यांचे फोटो तुमच्या, नवऱ्याच्या आणि साबुंच्या, तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

गोळ्या दोन सारख्या भागांत, दोन वेगळ्या पिशव्यांत. दोन्ही हातातल्या सामानात. इन्शुलिन असेल तर ते चेक-इनच्या बॅगेत कधीही टाकू नका. बॅग हरवण्याची भीती आहेच, शिवाय तिथल्या थंडीत इन्शुलिन गोठलं तर वाया जातं. जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली असेल तर ती पिशवीत नको, साबुंच्या शर्टाच्या खिशात हवी. ती कुठे आहे हे तुमच्या लेकीलाही माहीत असू द्या.

बोट लागू नये म्हणून आपल्याकडे प्रोमेथाझिनची गोळी सर्रास घेतली जाते. तरुणांना ठीक आहे. वयस्कर माणसांना तिने फार झोप येते, तोल जातो, आणि प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडू शकते. काचबिंदू असेल तरी जपून. म्हणून दुसऱ्याच्या सांगण्यावरून ती गोळी देऊ नका, डॉक्टरांना विचारूनच कोणती आणि किती ते ठरवा. आणि ती एकदा घरी देऊन बघा. गुंगी किती येते ते हलत्या बोटीच्या फळीवर कळण्यापेक्षा घरच्या सोफ्यावर कळलेलं बरं. उपाशीपोटी बोटीत बसायचं नाही, तसंच भरपेट जेवूनही नाही. मोबाईलमध्ये डोकं घालायचं नाही, खिडकीतून लांब क्षितिजाकडे बघत राहायचं.

एक गोष्ट बहुतेक घरांत लक्षात येत नाही. प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने वयस्कर बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यात रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, वरून अंदमानची दमट हवा, की संध्याकाळी चक्कर ठरलेली. त्यांना "पाणी प्या" म्हणून उपयोग होत नाही. पुढचं स्वच्छतागृह कुठे आहे ते सांगा, त्या आपणहून पितात.

हॅवलॉकला सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण गंभीर काही झालं तर पोर्ट ब्लेअरलाच यावं लागतं. तिथलं मुख्य सरकारी रुग्णालय जी. बी. पंत. भीती घालायला नाही सांगत, मुक्काम कुठे किती ठेवायचा हे ठरवताना लक्षात असू द्या.


शेवंती

मी स्वतः सासू आहे, मुलगा-सुनेबरोबर अंदमानला जाऊन आले आहे. त्यामुळे पलीकडच्या बाजूने लिहिते.

मधुमालती, सासूबाईंना "जमेल का तुम्हाला?" असं विचारू नकोस. त्याचं उत्तर आम्ही नेहमी "हो, जमेल की" असंच देतो. आमच्यामुळे मुलांचा बेत फिसकटू नये एवढंच त्या वेळी डोक्यात असतं. त्यापेक्षा नेमकं सांग. इथे पंचवीस पायऱ्या आहेत, कठडा एकाच बाजूला आहे, वर गेल्यावर हे दिसतं. मग आम्ही खरं उत्तर देऊ शकतो. माझ्या सुनेने मला प्रत्येक ठिकाणचे फोटो आधी दाखवले होते. नॉर्थ बेचे दाखवले तेव्हा मी सरळ म्हणाले, मला नको. तिने पुन्हा एकदाही आग्रह केला नाही. याचं मला इतकं बरं वाटलं की पुढच्या तीन ठिकाणी मी आपणहून "चल" म्हटलं.

दुसरं, आम्ही बसून राहिलो म्हणजे आम्हाला कंटाळा आला असं समजू नका. राधानगरला झाडाच्या सावलीत मी चांगली दोन तास बसले होते. मुलगा दर दहा मिनिटांनी येऊन विचारायचा, आई काही हवंय का, निघायचं का. शेवटी सुनेने त्याला पाण्यात पिटाळलं. मग मी एकटी. लाटा येत होत्या, बारके खेकडे वाळूच्या गोळ्या करून भोकांपाशी मांडत होते, पायाशी पाणी यायचं आणि जायचं. लग्नानंतर मी अशी निवांत कधी बसले होते, मला आठवत नाही.

तिसरं, आम्हाला हातात थोडे पैसे द्या, हॉटेलचं कार्ड द्या आणि दुपारी झोपू द्या. दुपारची झोप मिळाली की संध्याकाळी आम्ही तुमच्या बरोबरीने हिंडतो.

आणि व्हीलचेअरचं म्हणशील तर "तुम्हाला चालवत नाही म्हणून" असं म्हणू नकोस. रांगा लांब असतात, गुडघे तिथेच खर्ची घालायचे की समुद्रावर, एवढं विचार. मी समुद्र निवडला.


अबोली

शेवंतीताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. दंडवत.


लिंबोणी

शेवंतीताईंना पूर्ण अनुमोदन. माझा मुद्दा जरा वेगळा आहे. अशा धाग्यांवर प्रश्न नेहमी सूनच विचारते. गोळ्या, पाणी, चेअर, बाथरूम, सगळी काळजी तिची, आणि नवरा म्हणतो सगळं बघून येऊ. मधुमालती, वडिलांच्या गोळ्या आणि आईचा हात ही दोन कामं निघायच्या आधीच नवऱ्याकडे सोपव आणि मग त्यात लक्ष घालू नकोस. तुझीही ही सुट्टीच आहे. तुम्हा दोघांना एखादी सकाळ मोकळी मिळेल अशी सोय कर. स्कूबा करणार असाल तर ती सकाळ त्यासाठी ठेवा, फक्त परतीच्या विमानाच्या आधी किमान १८ तासांचं अंतर हवं.

खोल्या शेजारी-शेजारी घ्या पण एकच मोठी खोली नको. आजी-आजोबा पहाटे पाचला उठतात, त्यांना दिवा लावता यायला हवा.

पैशांचंही आधी बोलून घ्या. साबु "माझा खर्च मी करणार" म्हणत असतील तर त्यांना एखादी ठोस गोष्ट देऊन टाका, बोटीची तिकिटं किंवा एक मुक्काम. प्रत्येक बिलाच्या वेळी ओढाताण झाली की जेवणाची चव जाते.


तांबट

खोल्यांवरून आठवलं. पोर्ट ब्लेअर चढ-उताराचं गाव आहे. कित्येक हॉटेलांत रस्त्यावरून आत शिरायलाच दहा-बारा पायऱ्या असतात. "लिफ्ट आहे का" एवढंच विचारून भागत नाही, लिफ्टपर्यंत पायऱ्या किती ते विचारा. हॅवलॉकला कॉटेज असतात, त्या जोत्यावर उभ्या असतात आणि जेवणाची जागा वाळूतून बरीच लांब असू शकते. जेवणघराजवळची कॉटेज मागून घ्या. कमोड, गरम पाणी आणि बाथरूममध्ये बसून आंघोळ करायला प्लास्टिकची खुर्ची, हे आधी फोनवर सांगून ठेवलं की देतात.

आणि बीचसमोरचं रिसॉर्ट म्हणून भुलू नका. हॅवलॉकची बहुतेक रिसॉर्ट पूर्व किनाऱ्यावर आहेत. तिथे ओहोटीला पाणी लांबवर मागे जातं आणि खडक, मेलेलं प्रवाळ उघडं पडतं. त्यावरून अनवाणी चालवत नाही. बघायला सुरेख, पण पाण्यात पाय सोडून बसायचं तर पश्चिमेचं राधानगरच. गुळगुळीत वाळू, २०२० मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालेला किनारा, त्यामुळे स्वच्छतागृहं आणि कपडे बदलायच्या खोल्या आहेत. जीवरक्षक दाखवतील तेवढ्याच भागात उतरा. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, पाट्या शोभेला लावलेल्या नाहीत.


पाणमोगरा

सगळे हॅवलॉकच्या मागे का लागलेत? ज्येनांसाठी नील जास्त चांगलं. चिमुकलं, बरंचसं सपाट, शेतं, भाजीचे मळे, गाड्या कमी. एका रिक्षेत अख्खं बेट बघून होतं. भरतपूरचा किनारा धक्क्याला लागूनच आहे. नैसर्गिक पूल तेवढा टाळा, ओहोटीच्या वेळी शेवाळलेल्या खडकांवरून जावं लागतं. लक्ष्मणपूरला सूर्यास्त बघा.


गारवा

नील गोड आहे, पण दोन्ही बेटं एका सहलीत नकोत. दर नवं बेट म्हणजे पुन्हा सामान बांधा, धक्का गाठा, फळीवरून चढा, उतरा. नीलचा धक्का तर लांबलचक आहे. एक बेट निवडा आणि तिथे सलग तीन रात्री राहा. काचेच्या तळाच्या बोटीसाठी भरतपूरला गुडघाभर पाण्यातून जाऊन छोट्या शिडीने चढावं लागतं, तेवढं साबांना आधी दाखवून विचारा.


पाणमोगरा

एक बेट निवडा हे पटलं. माझं मत नीललाच.


सुगरण

शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं, काळजी नको. बंगाली आणि तमिळ वस्ती भरपूर असल्यामुळे इडली, पोळी, वरणभात सहज मिळतो. बोटीच्या वेळा मात्र जेवणाच्या वेळा पाळत नाहीत. साबुंसाठी खाकरा, भाजलेले फुटाणे, सुके अंजीर जवळ ठेवा, साखर उतरली तर साखरेच्या गोळ्या किंवा ग्लुकोज वेगळं. रिकाम्या पोटी थांबायचं नाही त्यांनी.


मधुमालती

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवंतीताई, तुमचा प्रतिसाद वाचला त्याच संध्याकाळी मेथी निवडताना साबांसमोर मोबाईल ठेवला आणि एकेक फोटो दाखवला. पायऱ्या मोजून सांगितल्या. बोटीची शिडी बघून त्या लगेच म्हणाल्या, हे मला नाही जमायचं. मग जरा वेळाने, काड्या बाजूला करत करत, "मला तो मोठा वाळूचा किनारा चालेल. पाण्यात पाय सोडून बसायचंय. कुणी घाई करायची नाही." इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यामुळे पाणमोगरा, माफ करा, नील नाही, राधानगर.

नवऱ्याने तांबट यांचा बाराटांगवरचा प्रतिसाद वाचला आणि स्वतःच त्यावर काट मारली. आता असं ठरलंय: पहिल्या दिवशी पोचून फक्त आराम. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्युलर जेल, दुपारी झोप, संध्याकाळी ध्वनिप्रकाश. मग तीन रात्री हॅवलॉक, त्यातल्या दोन दिवशी राधानगर, एका सकाळी आम्ही दोघं स्कूबाला आणि लेक आजी-आजोबांबरोबर. मग परत पोर्ट ब्लेअर, शेवटची रात्र तिथे. रॉसला जायचं की नाही ते तेव्हा बघू.

एक प्रश्न राहिला. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे असं वाचलं. साबुंना ती बघायचीच आहे. साबांचं काय करू?


तांबट

हा आराखडा उत्तम. परतीच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवलीत ते फार बरं केलंत. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि हॅवलॉकला अडकून विमान चुकणं ज्येनांबरोबर परवडत नाही.

कोठडी सातव्या विभागाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, ओवरीच्या टोकाला आहे. इमारत तीन मजली, म्हणजे दोन जिने चढायचे आणि मग लांबलचक ओवरी चालायची. साबुंना सकाळी उघडल्या उघडल्या न्या, ऊन चढायच्या आत. प्रत्येक जिन्यानंतर थांबवा. ओवरीच्या गजांतून खाली बघायला सांगा, आपोआप थांबतील. साबांसाठी तळमजल्यावरच पुष्कळ आहे: छायाचित्रांचं दालन, तेलाचा घाणा, फाशीघर, आणि अंगणातला पिंपळ. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सात विभागांपैकी आज तीनच उभे आहेत, ती रचना खालूनही नीट कळते. मधल्या मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर कैद्यांची नावं प्रांतवार कोरली आहेत. तिथे साबुंना वेळ द्या, बाबाराव सावरकरांचं नावही ते शोधतीलच. तिथे मागून कुणी "चला आता" म्हणायला नको.

सोमवार आणि राष्ट्रीय सुट्ट्यांचं आधी विचारून घ्या. तुम्ही २६ जानेवारीच्या आसपास जाताय म्हणून मुद्दाम सांगतो.


रानपाखरू

रॉसला जरूर जा. पोर्ट ब्लेअरहून बोटीने दहा-पंधरा मिनिटं, बेटावर बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत. मुळांनी वेढलेलं चर्च, हरणं, मोर, सगळं बसल्या जागेवरून दिसतं. धक्क्यावरून हलत्या बोटीत एक पाऊल खाली टाकावं लागतं तेवढंच सांभाळा.

आणि लेकीला सांगून ठेवा, शंख-प्रवाळ गोळा करून आणायचे नाहीत. प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, विमानतळावर काढून घेतात.


मात्रा

तिथे सूर्य लवकर उगवतो आणि लवकर मावळतो, जानेवारीत संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारालाच. सगळा दिवस घड्याळात अलीकडे सरकतो. सकाळी लवकर निघणं ज्येनांना आवडतंच, फक्त औषधांच्या वेळा घड्याळाप्रमाणे ठेवा, उजेडाप्रमाणे नको. संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूतल्या माश्या चावतात. बाह्या लांब, पायात मोजे. मधुमेह असलेल्यांनी खाजवून जखम करून घेऊ नये, आणि साबुंनी वाळूतही अनवाणी चालू नये. मागे पट्टा असलेली सँडल घ्या.


मधुमालती

व्हीलचेअरला साबा तयार झाल्या! शेवंतीताईंचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, "मग गुडघे समुद्रासाठी ठेवू" म्हणाल्या. ती मागायची कशी? तिकीट काढताना की विमानतळावर?


गारवा

तिकीट काढतानाच, किंवा किमान ४८ तास आधी. तिथे प्रकार विचारतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे अंतर चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही चढता येत नाहीत. साबांसाठी दुसरा प्रकार मागा. विमान टर्मिनलच्या पुलाला न लागता लांब उभं राहिलं तर शिडीऐवजी उचलयंत्राने वर नेतात. चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलणार असाल तर दोन्ही तिकिटांवर ती नोंद झाली आहे का बघा, आणि मध्ये किमान तीन तास ठेवा.

विमानाची आणि बोटीची तिकिटं काढताना साबांचं नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच टाका. आपल्याकडच्या या वयाच्या बायकांची नावं आधारवर एक, पॅनवर दुसरं आणि बँकेत तिसरं असतात. कुठे नवऱ्याचं नाव मधे, कुठे नाहीच. आज घरी गेल्यावर कार्ड हातात घेऊन बघा आणि प्रवासात तेच कार्ड बरोबर ठेवा.


मधुमालती

आत्ताच बघितलं. आधारवर साबांचं माहेरचं नाव आहे, आणि एजंटने तिकिटासाठी सासरचं लिहून घेतलं होतं. लगेच फोन करते.